तापल्यावर बंद

इस्पितळातून आलेली मळक्या कपड्यांची गाठोडी सोडताना वहिनीने कधी नाक दाबलं नाही. रक्त, पू, ओकारी, मलमाचे पिवळे चट्टे, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि स्वच्छ होऊन परत जायचं. डागाची तिला किळस नव्हती. डाग जिथे पडतो तिथेच दिसतो, लपत नाही, असं ती धुलाईतल्या बायकांना सांगायची. तिला किळस यायची माणसांची. त्यातही हल्ली दोघांची फार: एक तिचा नवरा आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ.

धुलाई तिची स्वतःची. तीन यंत्रं, एक बॉयलर, कपडे वाळवायची लांबलचक खोली आणि गावातल्या मोठ्या इस्पितळाचं काम. सगळेच तिला वहिनी म्हणायचे, मालकीण कोणी म्हणत नसे. माणसांचा हिशेब ती मनातल्या मनात चोख ठेवी. कोणी कधी काय टाळलं, कोणाच्या आड लपून टाळलं, नंतर कोणता चेहरा करून समोर आला, सगळं तिथे जमा असायचं. नवऱ्याचं पान त्यात सगळ्यांत भरलेलं होतं.

त्याला लोक अत्तरवाले म्हणत, कारण रुमालावर अत्तर शिंपडल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने एक मळकी चादर बोटांच्या चिमटीत धरली, तशीच टाकली आणि बाहेर जाऊन उलटी केली. तेव्हापासून व्हॅन चालवणं त्याच्याकडे. त्याआधी व्हॅन वहिनी स्वतः चालवायची. आता स्वच्छ गाठोडी बायका भरून द्यायच्या, मळकी इस्पितळातले कामगार भरून द्यायचे, आणि हा काच वर करून स्टिअरिंगमागे बसलेला असायचा. नाकाने कांदे सोलावेत ते यानेच.

दीर गॅरेजवाला. त्याचं नाव पडलं होतं थंडोबा, आणि ते स्वभावावरून कमी, कामाच्या रीतीवरून जास्त. तापलेल्या इंजिनाला तो हात लावत नसे. गाडी कशीही येवो, धूर ओकत येवो की दोरीने ओढून येवो, त्याचं एकच ठरलेलं: "ठेवून जा. सकाळी गार झाल्यावर बघतो." त्याच्या वडिलांची म्हणे तशी शिस्त होती. वडिलांच्या बाकी शिस्ती त्याने कुठल्या कुठे सोडून दिल्या होत्या, एवढी मात्र सांभाळली होती, कारण हिच्यात दुपारची झोप बसत होती.

आणि व्हॅनचं दुखणं असं, की ती फक्त तापल्यावरच बंद पडायची.

पुढे बॉनेट असलेली ती जुनी पेट्रोलची व्हॅन सकाळी गुणी पोरासारखी चालायची. दुपारी स्वच्छ कपडे घेऊन निघाली की गर्दीत कुठेतरी आचके द्यायची, दोनचार उचक्या आणि मग ठप्प. किल्ली फिरवा, फिरवत राहा, काही नाही. तासभर उभी राहिली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. थंडोबा सकाळी बघायचा तेव्हा गाडीत खोट सापडायची नाही. मग रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तो काहीतरी बदलायचा. आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग बॅटरी. कार्बुरेटर दोनदा उघडून साफ केला. पेट्रोलच्या नळीत स्वस्तातला पारदर्शक फिल्टर बसवला आणि नवा दागिना घातल्यासारखा तो सगळ्यांना दाखवला.

"आता बघा वहिनी, घोड्यासारखी पळेल."

"मागच्या वेळीही घोडाच म्हणाला होता भावजी. दुपारी तो रेल्वेच्या फाटकाशी बसला."

"पेट्रोलात भेसळ असणार," मागून अत्तरवाले. "त्या पंपावरचा माणूसच लबाड दिसतो. डोळे बघ त्याचे."

वहिनीने पंप बदलला. इस्पितळाच्या मेट्रनबाईंसमोर उभं राहून तिने त्या पंपवाल्याच्या लबाडीची गोष्ट दोन महिने सांगितली, नवऱ्याच्या शब्दांत, नवऱ्याच्या भरवशावर. मेट्रनबाई पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी वहिनीला खुर्चीसुद्धा दिली नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या हिरव्या चादरी वेळेवर नाहीत म्हणून टेबलावर घेतलेला माणूस परत खोलीत न्यावा लागला. उद्या दुपारच्या ऑपरेशनांआधी माल आला नाही, तर परवापासून दुसरी धुलाई. आणि आणखी एक. तुमच्या कपड्यांना वास येतो."

"वास? कसला?"

"ते तुम्ही शोधा. मला सांगवत नाही."

वहिनीने त्या रात्री साबण बदलला, बॉयलर वाढवला, धुतलेल्या चादरींत तोंड घालून हुंगलं. गरम कापसाचा वास येत होता, बाकी काही नाही. त्या हिरव्या चादरींवर अर्धी धुलाई चालत होती, तीन यंत्रांपैकी एक तर त्यांच्यासाठीच घेतलं होतं. ते काम गेलं की यंत्र उभं, यंत्र उभं की दोन बायका घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाठोडी भरून झाली तशी ती व्हॅनच्या दारात येऊन उभी राहिली.

"सरका."

"तू कुठे?" अत्तरवाल्यांचा हात रुमालाकडे गेला.

"तुमच्याबरोबर. आणि आधी गॅरेजवरून चला. भावजींनाही घ्यायचंय."

"तो झोपला असेल गं."

"मग उठवू."

थंडोबा खरंच झोपला होता, एका गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर, तोंड उघडं टाकून. त्याच्या उशाशी पत्र्याच्या वाकवलेल्या तबकात नटबोल्ट, विझलेली थोटकं आणि एक अर्धवट चघळलेला खडूसारखा कसलासा तुकडा पडला होता. वहिनीने तबकाकडे बघून तोंड फिरवलं. दीर जांभया देत, पाठ खाजवत आला आणि दोघांच्या मध्ये अंग कोंबून बसला. त्याच्या अंगाला घामाचा आणि ऑइलचा वास, नवऱ्याच्या अंगाला अत्तराचा. या दोन्हींच्या खालून, गाडी जराशी तापली तसा, तिसरा एक वास यायला लागला. ओशट, शिळा, खवल्यांचा.

"हा कसला वास?" वहिनीने विचारलं.

"मळक्या कपड्यांचा," नवरा चटकन म्हणाला. "गाडीत मुरलाय. म्हणून तर मी रुमाल..."

वहिनीने पुन्हा हुंगलं. मळक्या कपड्यांचा वास ओळखण्यात तिची उमर गेली होती. हा तो नव्हता.

रेल्वेच्या फाटकाशी नेहमीसारखी रांग लागली होती. पुढे कचऱ्याची लॉरी उभी होती. तिच्या फळीतून काळं पाणी थेंब थेंब गळत होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. ऊन डोक्यावर, व्हॅन जागच्या जागी घरघरत उभी. फाटक उघडलं, लॉरी हलली, अत्तरवाल्यांनी गिअर टाकला आणि व्हॅनने पहिली उचकी दिली. दुसरी. तिसरी. मग इंजिन गप्प झालं आणि मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.

"बघ! त्या पंपवाल्याने..."

"पंप मी बदललाय. उतरा."

तिघांनी गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणजे वहिनीने आणि दिराने ढकलली. अत्तरवाले दारातून स्टिअरिंग सांभाळत होते आणि ढकलल्यासारखं तोंड करत होते. गाडी थांबताच ते चपळाईने पुढे आले आणि बॉनेटला पाठ टेकून उभे राहिले. पत्रा तापला असणार, पण माणूस हलेना.

"थांबू तासभर," ते म्हणाले. "गार झाली की होते आपोआप."

"तासाभरात ऑपरेशनची वेळ होते. बाजूला व्हा."

"चटका बसेल गं तुला!"

"तुमच्या पाठीला बसतोय तो आधी बघा."

थंडोबाही मध्ये पडला. "वहिनी, गरम इंजिन उघडू नये. आमच्या वडिलांची..."

"भावजी, हिला ताप दुपारी येतो आणि तुम्ही सकाळी नाडी बघता. दोन महिने तुम्ही एका ठणठणीत गाडीला औषध देताय. आज आजारी असताना बघा, नाहीतर गॅरेजच्या पाटीवर 'झोपायची जागा' लिहा."

तिने नवऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं, पदर हाताला गुंडाळला आणि बॉनेट वर उचललं.

वास एकदम तोंडावर आला. कढलेल्या माशाचा. इंजिनच्या कडेला, धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या लोखंडी नळ्यांना अगदी चिकटून, जोडकाम करून बसवलेली एक जाळीची फळी होती आणि त्या फळीवर झाकणाचा डबा ठेवलेला होता. झाकणाच्या फटीतून लाल रस्सा उतू जाऊन खाली ओघळला होता. त्याखाली कालचा ओघळ, त्याखाली परवाचा, असे किती थर होते कोण जाणे. खालचे काळे झाले होते, मधले डिंकासारखे चिकट, वरचा अजून बुडबुडत होता. एका थरात माशी अडकून भाजून निघाली होती. माशाचा एक काटा पंख्याच्या पट्ट्याजवळ उभा रुतला होता. आणि इंजिनवरची गरम हवा चालकासमोरच्या हवेच्या जाळीतून गाडीत, तिथून मागे, थेट स्वच्छ चादरींवर जात होती.

इतकी वर्षं पू आणि रक्त धुतलेल्या बाईने पदर नाकाशी दाबला.

"हे काय आहे?"

अत्तरवाले रुमालात बोलले. "गार जेवण माझ्या घशाखाली उतरत नाही, तुला माहीत आहे. आई डबा देते. इस्पितळात पोचेपर्यंत मस्त कढत होतो. रांगेत बसल्या बसल्या... म्हणजे, वाया जातो का तो ताप? फुकटचाच आहे."

"गाडीत खायचं नाही म्हणून मी बजावलं होतं. चादरींसाठी."

"गाडीत कुठे खातो? बाहेर उभा राहून खातो."

 वहिनी दिराकडे वळली. "आणि ही फळी कोणी जोडली? आपोआप उगवली नसेल."

 कदाचित बोलण्यापेक्षा काम सोपं म्हणून, थंडोबा इंजिनवर वाकला. तापलेलं इंजिन त्याने बहुधा प्रथमच इतक्या जवळून पाहिलं असावं. त्याने पारदर्शक फिल्टरकडे बोट केलं. सकाळी त्यात पिवळसर पेट्रोल काठोकाठ असायचं. आता तळाशी चमचाभर उरलं होतं आणि वर नुसता फेस. लहान लहान बुडबुडे उठत होते, फुटत होते. त्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाला बोट लावलं आणि बोंब मारत बोट तोंडात घातलं.

"उकळतंय," बोट चोखत तो म्हणाला. "पेट्रोल उकळतंय वहिनी. नळीत वाफ झालीय. पंप पेट्रोल ढकलतो, वाफ त्याला ढकलता येत नाही, नुसती दाबली जाते. कार्बुरेटर कोरडा. गार झालं की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी सुरू."

"आमचा बॉयलर असंच करतो," वहिनी म्हणाली. "आत जाणारं पाणी फार तापलं की पंप नुसता खोकतो. पण गाड्या तर सगळ्यांच्याच तापतात. आपलीच का?"

थंडोबाने पंपाच्या कडेला पाहिलं. तिने त्याच्या नजरेमागून नजर नेली. पंप आणि तापलेल्या नळ्या यांच्यामध्ये दोन बोल्टांची रिकामी भोकं होती. काहीतरी तिथे होतं आणि आता नव्हतं.

"इथे काय होतं भावजी?"

"पत्रा. आडोशाला. नळ्यांची धग पंपाला लागू नये म्हणून कंपनीच देते."

"मग गेला कुठे?"

"डबा बसत नव्हता," तो पुटपुटला. "तुम्ही मघाशी बघितलात की. माझ्या उशाशी. नटबोल्टांचं तबक."

 मागून एक बस धूळ उडवत गेली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्यांदा नाही! शपथ. नंतर नंतर... शंका आली होती. पण दादा म्हणाला, हिला कळलं तर घर डोक्यावर घेईल. म्हणून मी म्हटलं, प्लग बदलून बघू, कदाचित..."

"प्लग बदलल्याने पत्रा परत येतो?"

"मी त्याला गप्प बस एवढंच म्हणालो," अत्तरवाल्यांनी हात झटकले. "इंजिनातलं मला काय कळतं? मेकॅनिक तो आहे."

"दादा, फळी लाव म्हणून मागे कोण लागलं होतं?"

"पत्रा काढ असं म्हणालो होतो का मी?"

भररस्त्यात, कढत्या माशाच्या वासात, दोन भाऊ एकमेकांवर दोष ढकलू लागले. वहिनीला त्या रश्श्याचे थर बरे वाटले. ते निदान एकावर एक, आले त्या क्रमाने तरी बसले होते.

"बास," ती म्हणाली. "भावजी, आत्ता हे चालवायचं तर काय करायचं?"

"पंपावर ओला कपडा. सतत ओला. गार राहिला तर पेट्रोल उकळायचं नाही."

"कपडा..." अत्तरवाल्यांची नजर मागच्या गाठोड्यांकडे गेली. "एक चादर घेऊ. इतक्यांत एक काय कळणार?"

वहिनीने हात पुढे केला. "शर्ट काढा."

"अं?"

"शर्ट. दोघांनीही. आणि प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आणा."

"अगं, रस्त्यात? लोक बघतायत!"

"लोकांनी डबा बघितला तर काय म्हणतील त्याचा विचार करा. काढा."

थंडोबाने डबा भावाच्या रुमालात धरून गटारात उपडा केला. अत्तरवाले 'अरे, अरे' करत राहिले, पण शर्टाची बटणं काढत राहिले. अत्तराचा शर्ट आणि ऑइलचा शर्ट, दोन्ही पाण्यात पिळून पंपाभोवती गुंडाळले. चर्र आवाज झाला, वाफ उठली. पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. हळूहळू चरचर थांबली. फिल्टरमधला फेस बसला आणि तळातून पिवळं पेट्रोल वर चढताना वहिनीने स्वतः पाहिलं.

ती स्टिअरिंगवर बसली. इंजिनने दोन आचके दिले आणि धरलं.

"भावजी, बाटली घेऊन माझ्या शेजारी. थांबलो की उतरून पाणी. आणि तुम्ही," नवऱ्याला, "मागे."

"गाठोड्यांत?"

"स्वच्छ आहेत. घाबरू नका. अंग मात्र लावू नका त्यांना, उभ्याने या."

वाटेत दोनदा गर्दीत थांबावं लागलं. दोन्ही वेळा बनियनवरचा थंडोबा उडी मारून उतरला, बॉनेट उचललं, पाणी ओतलं, शिव्या हासडल्या आणि परत चढला. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी रखवालदाराने काठी आडवी धरली. आत गाडी उभी करायची तर इंजिन बंद, धूर खिडक्यांतून आत जातो, नियम आहे. बंद केली की उभ्या जागी धग वर चढून पेट्रोल पुन्हा उकळणार, आणि गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेत अडकणार. वहिनीने वाद घातला नाही. गाडी बाहेरच झाडाखाली लावली आणि गाठोडी डोक्यावरून आत न्यायला लावली. एक तिने घेतलं, बाकीची त्या दोघा बनियनवाल्यांनी.

मेट्रनबाई दारातच होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बनियनांकडे, मग वहिनीकडे.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. वहिनीच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरतंय तोच त्यांनी वरच्या गाठोड्याची गाठ सोडली, एक हिरवी चादर उलगडून नाकाशी नेली आणि लांब धरली. "पण वास तोच. तुम्ही शोधणार होता."

मागून अत्तरवाले घाईघाईने कुजबुजले, "पेट्रोल म्हण. पेट्रोलचा वास आहे म्हण."

सोपं होतं. पेट्रोलच्या वासावर कोणाचाही विश्वास बसला असता. गाडी बिघडल्याचं दोन महिने सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. वहिनीने त्या चादरीकडे पाहिलं. ती कोणाच्यातरी उघड्या पोटावर पसरली जाणार होती.

"माशाचा आहे," ती म्हणाली. "माझे यजमान इंजिनवर जेवण गरम करत होते. त्याची वाफ मागे कपड्यांत जात होती. गाडी बंद पडायचं कारणही तेच. पंपवाल्याचा काही दोष नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगत होते, मला माहीत नव्हतं तरी खोटंच."

मेट्रनबाईंनी चादर पुन्हा घडी केली. एका परिचारिकेने तोंडावर हात धरला.

"आजचे कपडे आम्ही इथे वाफेच्या पेटीतून पुन्हा काढू," मेट्रनबाई म्हणाल्या. "ऑपरेशनचं काम मात्र आता मी तुम्हाला देऊ शकत नाही. खरं सांगितलंत म्हणून खोल्यांच्या चादरी तुमच्याकडे ठेवते. गाडी धुऊन, दुरुस्त करून आणा. मी स्वतः बघेन."

बाहेर आल्यावर अत्तरवाले फुत्कारले. "कशाला बोललीस? पेट्रोल म्हणाली असतीस तर खपलं असतं! हातचं काम घालवलंस."

"मी घालवलं?"

"जाऊ दे, अर्धं तर वाचलं," ते उदारपणे म्हणाले. "होतं असं धंद्यात. घरी गेल्यावर आई काहीतरी गरम..."

वहिनी थांबली. गेले दोन महिने तिने याची बाजू घेऊन परक्या माणसाला चोर ठरवलं होतं. आता एक यंत्र उभं राहणार होतं आणि दोन बायकांना घरी बसा असं सांगायला तिलाच तोंड उघडायचं होतं. आणि हा माणूस पुढच्या जेवणाचं बोलत होता.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाजवळच्या ओट्यावर, व्हॅनपासून चार पावलांवर, आजची मळकी गाठोडी रचलेली होती. कामगार ती उचलायला पुढे झाले. वहिनीने हात केला. "तुम्ही राहू द्या. हे भरतील."

"कोण, मी?" अत्तरवाल्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ भाजलेलं बोट फुंकण्यात गर्क झाला होता.

"उद्यापासून गाडी मी चालवणार. तुम्ही गाठोडी भरायची, सोडायची आणि निवडायची. दोन बायका कमी होणार आहेत, त्यांच्या जागी तुम्ही. भावजी, तुम्ही मघाच्या तबकातली थोटकं झटका आणि तो पत्रा आज संध्याकाळी जागेवर बसवा."

"मला शिसारी येते गं," नवरा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं; त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला माहीत आहे, मला जमत नाही."

"उचला."

त्याने पहिलं गाठोडं हातभर लांब धरून उचलायचा प्रयत्न केला. जड होतं, तसं उचललं जाईना. शेवटी छातीशी धरावं लागलं. आतलं ओलं काहीतरी बनियनमधून अंगाला लागलं तसा तो कळवळला, मान वळवून दोनदा कोरडा ओकला, पण गाठोडं त्याने सोडलं नाही. रखवालदार आणि कामगार उभे राहून बघत होते. कोणीतरी हसलं.

वहिनीला वाटलं होतं की हे बघून बरं वाटेल. वाटलं नाही. त्याच्या ओकण्याचीही तिला किळसच आली. तिने व्हॅनचं मागचं दार उघडून धरलं आणि तो दुसरं गाठोडं आणायला वळला तेव्हा, आत नीट जागा व्हावी म्हणून, पहिलं कोपऱ्यात सरकवून ठेवलं.